वरच्या बाजूची पट्टी

३ मार्च, मंगळवार

आज ताईने कपाटावरून गिटारची पेटी काढायला लावली. वर्षभर तिला कुणी हात लावला नव्हता. धूळ पुसण्यातच माझी सकाळ गेली. उघडून बघते तर ठोक्याच्या पट्टीचा एक कोपरा उचललेला. तार छेडली की तो कोपरा डबीत माशी अडकल्यासारखा गुणगुणतो.

पट्टी म्हणजे गिटारच्या पुढच्या फळीवर, तारांच्या खालच्या अंगाला चिकटवलेला प्लास्टिकचा पातळ तुकडा. ताई वाजवते त्या स्पॅनिश फ्लॅमेन्कोत नुसत्या तारा छेडून भागत नाही, मधूनच नखाने लाकडावर ठोका द्यावा लागतो. फळी मऊ लाकडाची असते. पट्टी नसेल तर तिला खड्डे पडतील. ताईची पट्टी एकेकाळी पांढरीशुभ्र होती. आता दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाची झालीय, आणि तिच्यावर ताईच्या अनामिकेच्या ओरखड्यांची दाट जाळी पडलीय. सगळं तरुणपण आणि नंतरचंही बरंच काही त्या जाळीत आहे.

"नवी पट्टी बसवायची," ताई म्हणाली.

मला काय आनंद झाला! उजवा हात थरथरायला लागल्यापासून तिने गिटारचं नावही काढलं नव्हतं. भावजी गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली, आणि मागोमाग हे दुखणं. पट्टी बदलायची म्हणते आहे, म्हणजे वाजवायचं मनात आलंय. गोळ्यांचा गुण येतोय म्हणायचा.

५ मार्च, गुरुवार

गिटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे गेलो. दुकान म्हणजे एक लांबट खोली, छताला उलट्या टांगलेल्या गिटारी, आणि सरसाचा तो वास. ताई दारातच थांबली आणि तिने डोळे मिटून घेतले. पाय दुखतोय का विचारलं तर म्हणाली, "गप्प बस, वास घेतेय."

कारागीर भयंकर बोलका. ताईला तो 'मोठ्या बाई' म्हणतो, मला त्याने लगेच 'धाकट्या बाई' करून टाकलं. त्याने तीन नमुने काढले. एक मऊ आणि पारदर्शक, गोंदाशिवाय नुसता काचेला चिकटल्यासारखा बसणारा, हवा तेव्हा काढता येतो. दुसरा पारदर्शकच, पण कडक आणि कागदासारखा पातळ. तिसरा पांढरा, जाड, ताईच्या जुन्या पट्टीच्या जातीचा.

मी आयुष्यभर दातांच्या कवळ्या बनवल्या. जाडी मला बोटांनी कळते. पांढरा तुकडा चिमटीत धरून कारागिराला हे सांगितलं आणि म्हटलं, "हा फारच जाड आहे, फळीचा श्वास कोंडेल."

"अगदी बरोबर," कारागीर म्हणाला, "पण काही जणांना तोच ठोका आवडतो. आता कवळी सगळ्यांना एकच बसते का?"

ताई हसली. कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली. त्याने एका टाकाऊ फळीवर तिन्ही तुकडे चिकटवून दिले. घरी ठोकून बघा, मग सांगा.

८ मार्च, रविवार

नमुन्यांची परीक्षा. मला वाटलं ताई ठोकेल आणि मी बाजूला बसून मान हलवीन. पण तिने फळी माझ्याकडे सरकवली.

"तू ठोक, मी ऐकते. माझा हात कुठे पडेल त्याचा भरवसा नाही."

हे खरंच. मी डावखुरी, म्हणून फळी डाव्या हाताखाली ओढली आणि ठोकली. मऊ तुकड्याचा आवाज सतरंजीवर पाऊल पडल्यासारखा. पांढऱ्याचा दार वाजवल्यासारखा. पातळ कडक तुकड्याचा मात्र छान, शेंगदाणा फुटावा तसा टणक आणि छोटा.

"हाच," मी म्हटलं. "झालं काम."

"झालं कसलं? अनामिकेने ठोक. तर्जनीने काय ठोकतेस, दार उघडायला आलीयस का? आणि मनगट सैल सोड."

आता नमुना तपासायला मनगट सैल कशाला हवं? पण आजारी माणसाशी वाद कोण घालणार. सैल सोडलं.

११ मार्च, बुधवार

तीन दिवस तेच. रोज चहा झाला की ताई फळी पुढे करते. पातळ कडक पट्टीच घ्यायची हे कधीच ठरलंय, तरी परीक्षा संपत नाही. आता तर म्हणते एकेकटा ठोका ऐकून कळत नाही, ओळीने बारा दे, आणि ती सांगेल त्यावर जोर दे. तिसऱ्यावर, सहाव्यावर, आठव्यावर, दहाव्यावर, बाराव्यावर. मी चुकले की जिभेने 'च्यक' करते.

"अगं, पट्टी घ्यायचीय की माझी परीक्षा?"

"पट्टीचीच. नीट ठोकल्याशिवाय ती बोलणार कशी?"

पण खरं सांगायचं तर मला मजा आली. लहानपणची आमची खोली आठवली. भिंतीपलीकडे फ्लॅमेन्को नाचाचा वर्ग होता. संध्याकाळ झाली की टाचांचा पाऊस सुरू व्हायचा आणि आमच्या फडताळातल्या कपबशा किणकिणायच्या. आई वैतागायची. ताई भिंतीला कान लावून उभी राहायची आणि मी पत्र्याच्या ट्रंकेवर बसून तोच ताल हाताने बडवायची. दोघींना वेड एकदमच लागलं. पुढे ताई गिटार शिकली आणि त्याच वर्गाची साथीदार झाली, नाचणाऱ्यांबरोबर गावोगाव फिरली. मी प्लॅस्टरच्या साच्यांत बसले. तेही काम मला आवडलं, तक्रार नाही. पण ताई दौऱ्यावरून यायची तेव्हा तिच्या कपड्यांना रंगमंचावरच्या लाकडाचा आणि पावडरीचा वास असायचा. मी तिची बॅग रिकामी करायच्या निमित्ताने तो हुंगत बसायची. हे तिला माहीत नाही.

मीही एकदा तिच्या सरांकडे गेले होते. त्यांनी गिटार मांडीवर दिली, मी आपसूक उलटी धरली. त्यांनी सुलटी केली. मी पुन्हा उलटी. असं चार-पाच वेळा झालं तेव्हा सर म्हणाले, "पोरी, तुझ्यासाठी जग आरशात बघून बनवावं लागेल." सगळा वर्ग हसला. मीही हसले. परत गेले नाही. मजेशीर होते सर.

१४ मार्च, शनिवार

पुन्हा कारागिराकडे. पट्टीचा आकार ठरवायचा होता. हात कुठवर पोचतो ते बघून पट्टी कापतात, म्हणजे ठोका उघड्या लाकडावर पडत नाही. ताईचा हात थरथरतो, म्हणून त्याने मला बसवलं.

"तुमचे नि मोठ्या बाईंचे हात सारखेच दिसतात. धरा जरा."

मी गिटार मांडीवर घेतली. नेहमीप्रमाणे उलटीच. माझ्या ते लक्षातही आलं नाही, तो मात्र कागद ठेवून माझ्या बोटांभोवती पेन्सिल फिरवत राहिला. "मनगट सैल सोडा." यालाही मनगटच! मग म्हणाला, "बोटं पसरा. छान. लांब आहेत." घरी येताना मी ताईला म्हटलं, माणूस भला आहे पण धांदरट, मी उलटी धरलीय हेसुद्धा त्याला कळलं नाही. माप चुकणार बघ.

"नाही चुकणार," ताई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

१७ मार्च, मंगळवार

नीट लिहिते.

सकाळी कारागिराचा फोन आला, ताईने घेतला. मी शेजारीच भाजी निवडत होते. ताई म्हणाली, "हो, वरच्या बाजूला. तारांच्या वर. खाली नको, खालची जुनीच राहू दे, कोपरा चिकटवून टाका फक्त."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "ताई, वर कशाला? वर तुझा अंगठा जेमतेम टेकतो. ठोका तर खाली पडतो ना?"

"वरच लावायचीय."

"अगं पण तुझी अनामिका..."

"माझी अनामिका कुठे पडते ते तू मला सांगणार?"

तिचा आवाज चढला. पण जुनी पट्टी बघितली की कुणीही सांगेल, सगळे ओरखडे खाली आहेत. जन्मभर ज्या जागी बोट पडलं ती जागाच तिला आठवत नसेल तर? आपलं घर कुठे ते विसरावं, तसंच नाही का हे? हाताच्या दुखण्यात पुढे डोक्यावरही परिणाम होऊ शकतो, असं डॉक्टर मागे म्हणाल्या होत्या. मी तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

१८ मार्च, बुधवार

भाचीला फोन केला. ताईची मुलगी, नोकरीसाठी दुसऱ्या गावी असते. तिला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, आणखी काय विसरते?"

आठवून पाहिलं. काहीच नाही. गोळ्यांच्या वेळा तिला पाठ. शेजारणीच्या सुनेच्या बाळाचं वजनसुद्धा तोंडावर. फक्त गिटारची बाजू.

"शनिवारी येते," भाची म्हणाली.

२१ मार्च, शनिवार

तिघी डॉक्टरांकडे गेलो. हात तपासून घ्यायचाय अशी थाप मारून ताईला नेलं. डॉक्टरांनी तिला वार विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळ काढायला सांगितलं. काटे थरथरले, पण वेळ बरोबर. पाच शब्द लक्षात ठेवायला दिले होते, ते ताईने सुलटे सांगितले, मग उलटे सांगितले, आणि वर विचारलं, "आता यांची चाल बांधू का?"

डॉक्टरबाई हसल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. हाताचं मात्र मी मागेच सांगितलंय. तो सुधारणारा आजार नाही, सावकाश वाढत जाणारा आहे. त्यांना ते माहीत आहे."

डॉक्टर नेहमी वाईटातलं वाईट सांगून ठेवतात, म्हणजे नंतर बोल लागत नाही. मी ते मनावर घेतलं नाही.

परतताना ताई रिक्षात एवढंच म्हणाली, "मला वेडी ठरवायला निघाला होतात होय दोघी?" भाचीने तिचा थरथरता हात मांडीवर घेतला.

पण मग पट्टी वर का?

२४ मार्च, मंगळवार

डोकं चांगलं आहे तर हा नुसता हट्ट आहे, असं मी ठरवलं. आणि हट्टापायी चांगल्या वाद्याची वाट लागू द्यायची नाही, हेही. ताईला दुपारची डुलकी लागल्यावर एकटीच कारागिराकडे गेले. पट्टी खाली लाव, ताई रागावली तर माझं नाव सांग, असं बजावणार होते.

मला बघून त्याचा चेहरा पडला. हातातलं फडकं त्याने घाईघाईने गिटारवर टाकलं.

"मोठ्या बाई नाही आल्या?"

"नाही. फडकं काढा."

"धाकट्या बाई, त्यांनी सांगितलंय की तुम्ही आलात तर..."

मीच काढलं. नवी पट्टी बसली होती. वरच्या बाजूला, इतकी स्वच्छ की तिरकं बघितल्याशिवाय दिसतही नव्हती. खाली जुनी, चहाच्या रंगाची, कोपरा नीट चिकटवलेली. पण माझं लक्ष तारांकडे गेलं. जाड तारा खाली होत्या आणि बारीक वर. सगळ्या उलट्या. मानेच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात ती हाडाची पट्टीही नवी बसवलेली, तिच्या खाचाही उलट्या क्रमाने कापलेल्या.

"हे काय केलंत?"

त्याने गिटार उचलली आणि, मी लहानपणी धरली होती तशी, उलटी माझ्याकडे केली. तशी धरल्यावर जाड तारा वर आल्या, बारीक खाली. आणि नवी पट्टी बरोबर माझ्या डाव्या अनामिकेखाली.

मी तिथल्या स्टुलावर बसले. तो पाणी घेऊन आला. सगळं पाणी प्यायले आणि गिटार तिथेच ठेवून घरी आले.

२५ मार्च, बुधवार

ताईशी बोलले नाही.

२९ मार्च, रविवार

आज बोलले. म्हणजे आधी भांडले.

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"नाहीच म्हणाले असते! एकसष्टाव्या वर्षी मी गिटार शिकू? लोक काय म्हणतील? आणि तुझी गिटार, तुझी! तिचं तू वाटोळं केलंस."

"वाटोळं कसलं? तारा फिरवल्यात, पाय नाही तोडला तिचा."

मला हसू आलं आणि त्याचाच आणखी राग आला. मी म्हटलं, तुझा हात बरा झाल्यावर तू काय वाजवणार?

ताईने उजवा हात डाव्याखाली दाबून धरला होता. हल्ली ती असाच धरते. मग म्हणाली, "हे बघ, मला वाजवता येत नाही त्याचं मी बघून घेईन. पण घरात ते ऐकूच येत नाही ना, ते मला सहन होत नाही. सकाळी उठले की किती शांत असतं ग तुझं घर."

माझं घर कायमच शांत होतं. मला ते जाणवलंच नव्हतं.

"आणि त्या ट्रंकेवर," ती म्हणाली, "तू माझ्यापेक्षा चांगला ताल धरायचीस. सरांनाही मी ते सांगितलं होतं, तू वर्ग सोडलास त्या आठवड्यात. ते म्हणाले, उलटी गिटार कुठून आणू? तेव्हा खरंच नव्हती ग कुठे."

ती माझ्यासाठी सरांशी बोलली होती. मला आज कळलं. लहानपणी एका ताटात जेवलो, आणि हे एवढ्या वर्षांनी.

मी उठून चहा ठेवला. तिच्या कपात साखर दोनदा पडली. तिने गुपचूप प्यायला.

२ एप्रिल, गुरुवार

गिटार घरी आली. कारागीर स्वतः घेऊन आला, मी तर जाणार नव्हतेच. वाट्टेल तेव्हा तारा परत फिरवून देतो म्हणाला, फार मोठं काम नाही. म्हणजे ताईचा हात सुधारला की लगेच फिरवून घेता येईल. तोवर पडून राहण्यापेक्षा मी थोडी हाताळते. वाद्य वापरात असलेलं बरं, नाहीतर लाकूड आखडतं.

ताईला हे सांगितलं. ती म्हणाली, "हो, तसंच कर."

९ एप्रिल, गुरुवार

बोटं सोलवटली आहेत. ताई म्हणते आठवड्याभरात घट्टे पडतील. दातांच्या साच्यांत मुरलेली माझी बोटं, त्यांना तारेचं काय कौतुक! दोन सुरावटी येतात, त्याही अडखळत. एकीवरून दुसरीवर जाताना इतका वेळ लागतो की ताई म्हणते, तेवढ्यात माणूस बाजारहाट करून येईल.

ठोके मात्र पडतात. नखाने ठोका दिला की पट्टीतून आवाज फळीत जातो आणि फळीतून माझ्या बरगड्यांत. टेबलावरच्या त्या टाकाऊ तुकड्यावर हे कळलं नव्हतं. वाद्य पोटाशी धरल्यावरच कळतं. ताई सगळा जन्म हे पोटाशी घेऊन बसत होती, आणि मला वाटायचं की तिला नुसतं ऐकू येतं.

गिटार उलटी धरली की खालची जुनी पट्टी वर येते, आणि तिच्यावर कधीकधी माझं मनगट घासतं. तिथे ताईचे ओरखडे लागतात. खरखरीत आहेत, पण टोचत नाहीत.

१९ एप्रिल, रविवार

ताईचं हे काही दिवसांपासून चाललंय: तिला येतं ते सगळं एकदम माझ्या डोक्यात ओतायचंय. सकाळी एक ताल, दुपारी दुसरा. मी म्हटलं, अगं, घाई काय आहे? आपण कुठे पळून चाललोय?

"मी नाही, तू पळशील. तुझा काय भरवसा," ती म्हणाली.

तिला आता शर्टाची बटणं लावता येत नाहीत. मी लावते. हवा बदलली की असं होतं तिला.

२६ एप्रिल, रविवार

भाची आली होती. ताईने जाहीर करून टाकलं की आज कार्यक्रम आहे. मी नको नको म्हणत असताना खुर्ची मध्ये ओढली, खिडक्या उघडल्या. उकडतंय म्हणून, असं कारण सांगितलं.

बाराचा ताल. ताईला टाळ्या जमत नाहीत, हात वेळेवर भेटत नाहीत, म्हणून ती तोंडाने मोजत होती. भाची टाळ्या देत होती. तिला हे सगळं येतं! पाळण्यात ऐकलेलं आहे तिने. मी माझ्या त्या दोन सुरावटी आणि ठोके. पहिल्यांदा फसलं, दुसऱ्यांदा फसलं, तिसऱ्यांदा भाची हसायला लागली, मी हसले, आणि हसता हसता कधी जमून गेलं ते कळलंच नाही. थांबायची भीती वाटायला लागली. ताई मोजायची थांबली होती. ती नुसती बघत होती, माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे.

तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ उभे. नवे आहेत, गेल्याच महिन्यात राहायला आले. तोंडावर झोपमोड झालेली.

"काही ठोकाठोकी चाललीय का वर? सुतार बोलावलाय का?"

माझा हात एकदम तारांवर आडवा पडला. माफी मागायला मी तोंड उघडलं, पण ताई आधीच उठली होती. भिंतीला धरून, सावकाश, दारापर्यंत गेली.

"सुतार नाही हो," ती म्हणाली. "माझी बहीण गिटार वाजवते."

नुसतं एवढंच. जसं काही मी कायमच वाजवत आले आहे, आणि ते नवे असल्यामुळे त्यांना ठाऊक नसणं साहजिकच आहे.

गृहस्थांनी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. मी मांडीवर गिटार घेऊन बसले होते, घामाने थबथबलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"असं होय," ते म्हणाले. आणि जायच्या ऐवजी तिथेच उभे राहिले.

ताईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा वर ढकलला, मनगट सैल सोडलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.